झाकणाआडचं कुंकू

"वास तुम्हालाही येतोय ना, का मला एकटीलाच येतो?"

गॅरेजच्या फाटकात गाडीची काच खाली करून तिनं पहिलं वाक्य हे टाकलं. ना नमस्कार, ना नाव. आणि वास कसला, पेट्रोलचा भपकाच होता. रफिकभाईंनी कानावरची बिडी काढून मुकाट्यानं खिशात घातली.

"सगळ्या फलटणला येतोय बाई," मी म्हटलं. "आधी गाडी बंद करा आणि लेकीला खाली उतरवा."

मागच्या सीटवर पाच-सहा वर्षांची पोरगी मलूल होऊन पडली होती. गिरवीपासून इथपर्यंत तिनं दोनदा उलटी केलेली. रफिकभाईंनी तिला कडुलिंबाखाली खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, तेव्हा कुठं ती जरा माणसात आली. तिची आई मात्र गाडीपासून हलायला तयार नव्हती. नाव हेमलता, सगळे हेमा म्हणतात. सासर पुण्याला, माहेर गिरवीच्या पलीकडच्या एका वाडीत.

"दर महिन्याला येते मी अण्णांकडे," ती सांगायला लागली. "येताना गाडी शहाण्यासारखी येते. निघाले की तासाभरात हा पिवळा दिवा लागतो, वास सुटतो, चढाला गचके बसतात. पुण्यात दाखवलं. त्यांनी एक पार्ट बदलून दिला. महिनाभर एकदम छान. परत अण्णांकडे आले की परत तेच."

"माहेरचं पाणी सोसत नाही गाडीला," रफिकभाई म्हणाले.

"नवरापण हेच म्हणतो." ती काही हसली नाही. "तो म्हणतो, विकून टाकू. आणि गाडी गेली की माझं येणं गेलं हो. लेकीला घेऊन एसटीनं फलटण, तिथून वाडीची गाडी कधी मिळणार, कधी नाही. मग वर्षातून एकदा दिवाळीला. आई गेल्यापासून अण्णा एकटेच असतात घरात."

हे ऐकून मी पदर खोचला, असं म्हटलं असतं, पण पदर नव्हता. अंगात दिनकरचा खाकी शर्ट होता. दिनकर म्हणजे माझा नवरा. गॅरेज त्याचं. तो अचानक गेला तेव्हा दीर म्हणाले, जागा विका, भाऊ म्हणाला, नातेपुत्याला येऊन राहा, आणि मी म्हटलं, दोघंही गप बसा. रफिकभाई दिनकरच्या वडिलांपासूनचे मिस्त्री, पाना त्यांचा. पण नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर त्यांना नको वाटायचा, तो मी शिकले होते. तेव्हापासून पाना त्यांचा आणि स्कॅनर माझा, असा आमचा संसार चालला होता. दिनकरचे शर्ट मी वापरायचे. गॅरेजात साडी अडकते हे खरं कारण, आणि दुसरंही एक होतं, ते काय सांगायचं.

हेमाच्या गाडीच्या या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण अजूनही कुठल्या गाडीची पेट्रोलची टाकी उघडली की मी आधी झाकणाच्या आत निरखून बघते. नवे मिस्त्री हसतात. हसू देत.

स्कॅनर लावला. वाफेच्या लाइनमध्ये गडबड, असं त्यानं दाखवलं. हा दोष म्हणजे मोठा हलकट. पेट्रोलची जात उडाणटप्पू, नुसतं ठेवलं तरी उडतं. ती वाफ हवेत सोडायची नाही म्हणून टाकीतून एक नळी निघते आणि कोळशाच्या डब्यात जाते. त्याला आम्ही कॅनिस्टर म्हणतो. कोळसा वाफेला धरून ठेवतो. गाडी रस्त्याला लागली की एक बारका व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. वाया काही जात नाही. पण कुठं झाकण सैल राहिलं, नळीला चीर गेली, व्हॉल्व्ह उघडा राहिला, की लागला दिवा. आणि शोधायचं काय, तर जे डोळ्यांना दिसत नाही ते.

म्हणून सुरुवात झाकणापासून करतात. खटका ओढला, पत्र्याचं दार उघडलं. आत बिजागरीपाशी लाल-पिवळं काहीतरी लागलेलं. बोटानं पुसलं तर हळद-कुंकू.

"दसऱ्याला पूजा केली होती का?"

"केली असेल अण्णांनी."

झाकण फिरवून काढलं. त्याच्या रबराच्या कडीखाली तांदळाचा एक दाणा चेपून बसला होता. मी तो नखानं काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"हा बघा तुमचा चोर. एवढ्या दाण्यामुळं झाकण नीट बसत नव्हतं."

"तांदूळ? इथं कसा आला?"

"वाडीत उंदीर असतीलच की."

रफिकभाईंनी मान हलवली, उंदीर कशातही शिरतात म्हणाले. झाकण पुसलं, टक् टक् वाजेपर्यंत आवळलं, दिवा घालवला आणि मी तोऱ्यात म्हटलं, "जा बिनघोर."

पुढच्या महिन्यात त्याच वेळी फाटकात हॉर्न वाजला. हेमानं काच खाली केली. "शकूताई, तुमचा उंदीर परत आला."

वास तोच. लेक बरोबर नव्हती, तिनं यायलाच नकार दिला होता. आजोबांकडं जायचं पण गाडीत बसायचं नाही, असा तिचा हट्ट. आता मात्र मला चेव आला. वाफेची लाइन तपासायला आमच्याकडं धुराचं यंत्र आहे. नळीतून पातळ पांढरा धूर सोडायचा आणि बघत बसायचं, जिथून बाहेर येईल तिथं गळती. आम्ही दोघं गाडीखाली आडवे पडून बघत राहिलो. धूर कुठूनच आला नाही. व्हॉल्व्ह काढून फुंकून बघितला, धडधाकट. झाकण तपासलं, दाणा नव्हता. मग रफिकभाईंनी कोळशाचा डबा खोलला आणि माझ्या हातात दिला.

"वहिनी, वजन बघा."

वाफ धरणारा डबा हलका पाहिजे. हा दगडासारखा जड होता आणि तिरका केल्यावर त्यातून पेट्रोल ठिबकलं. कोळसा भिजून चिखल झालेला.

वाफेच्या जागी पेट्रोल जायला एकच रस्ता असतो. पंपावर टाकी भरताना नळी टक् करून आपोआप बंद होते, तिथं थांबायचं असतं. वर थोडी जागा रिकामी ठेवलेली असते, ती वाफेसाठी. टक् झाल्यावरही कुणी ओतत राहिलं, की जादाचं पेट्रोल थेट डब्यात.

"टाकी कोण भरतं?" मी विचारलं.

"पुण्यात मी. इथं अण्णा. निघायच्या दिवशी सकाळी मी आवरत असते, तोवर ते गाडी घेऊन फाट्यावरच्या पंपावर जाऊन येतात. कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे ना, हात बसलेला आहे. मला कधी पेट्रोल भरू देत नाहीत."

"गळ्यापर्यंत भरतात?"

"ते कुठं बघायला जाते मी?"

तिथूनच तिनं अण्णांना फोन लावला आणि मी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. टक् झालं की बस. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, "बरं बरं, कळलं." मी दुसरा डबा बसवून दिला. सुटला बाई प्रश्न, असं वाटलं.

सुटला कसला. नंतर एकदा ती शनिवारीच आली, वाडीला जाताना. मी डबा बदलल्यावर मधे एकदा अण्णांकडं येऊन गेली होती, म्हणे, आणि परतताना दिवा दिवे घाटात लागला होता. पुण्यात पुन्हा डबा बदलला. अण्णांना विचारलं तर शपथेवर सांगतात, टक् झाल्यावर थांबलो.

"परवा सोमवारी गाडी बघायला माणूस येणार आहे," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "नवरा म्हणतो, या वेळी दिवा नाही लागला तर राहू दे. लागला तर द्यायची. शकूताई, अण्णांना मी सांगितलं नाही अजून. सांगू तरी कसं? ते शुक्रवारपासून रस्त्याकडं बघत बसतात."

ती गेल्यावर मी रफिकभाईंना म्हटलं, "उद्या सकाळी मी नाही. चोर पकडायचा तर चोरीच्या जागीच जाऊन उभं राहिलं पाहिजे."

रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि थेट फाट्यावरचा पंप गाठला. हवेच्या मशीनपाशी उभी राहिले. थोड्या वेळानं गाडी आली, दुसऱ्या गिअरात, हळू. आतून टोपी-पायजम्यातला एक किडकिडीत म्हातारा उतरला. पंपावरच्या माणसाला त्यानं हातानं थांबवलं. झाकण स्वतः काढलं. मग खिशातून कागदाची पुडी काढली, चिमटीत हळद घेऊन पत्र्याच्या दाराला आतून लावली, तिच्यावर कुंकू लावलं, चार तांदूळ टाकले. माझा उंदीर तो.

"भर," म्हातारा म्हणाला.

नळी टक् करून थांबली. "अजून." पुन्हा टक्. "अजून." मग त्यानं गाडीला खांदा लावला आणि ती हलवायला लागला. पायलीत जोंधळा मापताना दाणे बसावेत म्हणून माप हलवतात, अगदी तसं. "आता घाल थोडं." पेट्रोल तोंडाशी येऊन चमकायला लागलं तेव्हा कुठं तो थांबला. दोन्ही हात जोडून टाकीला नमस्कार केला.

मी जाम भडकले होते. पुढं होऊन म्हटलं, "बसतंय का अजून, अण्णा? का मी पण खांदा लावू?"

म्हातारा दचकला. मी कोण ते सांगितलं. तो झाकण हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"लेकीनं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"कळलं नव्हतं का?"

"न कळायला काय झालं. आयुष्य इंजिनापाशी गेलं माझं."

"मग खोटं कशाला बोललात? ती गाडी विकायला निघालीय, ठाऊक आहे? उद्या माणूस येतोय गाडी बघायला. गाडी गेली की लेकपण गेली. दिवाळीला बघाल आता तिचं तोंड."

हे मी सांगायला नको होतं कदाचित, पण जीभ कुठं थांबते. म्हातारा मटकन पंपाच्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, "लेक माहेराहून निघते बाई. अर्धी कशी पाठवू?"

मला काही उमगेना.

"तिची आई होती तोवर ओटी भरायची," तो म्हणाला. "महिन्यानं येऊ दे नाहीतर आठ दिवसांनी, रिकामी कधी जाऊ दिली नाही. ती गेली त्यानंतर पहिल्यांदा हेमी आली, तेव्हा शेजारणीला बोलावलं. तिनं भरली. पुढच्या खेपेला तिच्या दारात गेलो तर कुलूप. दुसरीकडं गेलो, त्या म्हणाल्या येते, आणि हेमी निघून गेली तरी आल्या नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांना त्यांचा संसार. दर महिन्याला कुणाच्या दारात उभं राहायचं हो, माझ्या लेकीची ओटी भरा म्हणून? आणि बायको नसलेल्या पुरुषानं भरलेली ओटी, ती काय ओटी? तर त्या दिवशी गाडी घेऊन हिथं आलो. हा पोरगा म्हणाला, किती टाकू. मी म्हटलं, भर. टक् झालं, तो थांबला. म्हटलं, ओटीत कुणी असं हात आखडून घालतं का? घाल अजून. काठोकाठ दिसलं तेव्हा जरा बरं वाटलं. आता रिकामी नाही चालली, असं वाटलं."

मी त्याच्या शेजारी बसले. सगळा राग कुठल्या कुठं गेला होता. दिनकर गेल्यावर मी पहिल्यांदा माहेरी, नातेपुत्याला गेले होते, ते आठवलं. निघताना आई सवयीनं सूप घेऊन उंबऱ्यापर्यंत आली, माझ्याकडं बघितलं आणि तशीच परत आत गेली. सुपातला नारळ आत कुठंतरी ठेवल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. त्यानंतर मी दोन-तीनदाच गेले असेन, तेही घाईघाईनं. निघताना ती दारात रिकाम्या हातांनी उभी राहते, ते मला बघवायचं नाही. मग जायचंच सोडून दिलं. फोनवर बोलायचं, कामं आहेत म्हणायचं. आणि जीव तर रोज तिकडंच ओढायचा.

अण्णांनी अचानक माझ्याकडं वळून बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "तुम्ही बाईमाणूस आहात की. आज तुम्ही भराल का हेमीची? सामान सगळं काढून देतो मी."

"मला चालत नाही, अण्णा. आमचे गेले."

त्यांनी खाली बघितलं. "माफ करा. शर्टामुळं गळ्यात मंगळसूत्र नाही ते ध्यानात आलं नाही."

पंपावरचा माणूस दुसऱ्या गाडीकडं गेला होता. आणि माझी सटकली. कुणावर, ते मला आजही सांगता येत नाही.

"मग तुम्हीच भरा," मी म्हटलं.

"मी?"

"टाकी भरताना कुणाला विचारलंत? हळद लावलीत, कुंकू लावलंत, तांदूळ टाकलेत, नमस्कार केलात. इतके महिने लेकीची ओटी तुम्हीच भरताय, अण्णा. फक्त तिला ठाऊक नाही, ती डोकं धरून घाट उतरते. आता तिच्या पदरात भरा. काय व्हायचं ते होऊ दे."

"लोक..."

"लोक तुमच्या दारात आले नाहीत म्हणून तर तुम्ही पंपावर आलात ना?"

मी उठले. गाडी हलवायच्या आत जादाचं पेट्रोल काढणं भाग होतं, नाहीतर आजही डबा भिजला असता. स्कूटरच्या डिकीतून नळी काढली, तोंडानं ओढून धार सुरू केली आणि टाकीला श्वास घ्यायला जागा होईपर्यंत काढलं. सांडायला ठेवलंय थोडंच, सगळं माझ्या स्कूटरच्या टाकीत सोडलं. तीही भरली.

वाडीतल्या घरापाशी पोचलो तर हेमा बॅग घेऊन पायरीवर उभी. लेक अंगणात कोंबडीमागं धावत होती, आजोबांच्या ओढीनं या वेळी आली होती बिचारी. मला बघून हेमाचा चेहरा पडला. "सापडला का दोष?"

"सापडला. आत चला."

अण्णा आत जाऊन बायकोची पत्र्याची पेटी उघडून बसले. तिच्यात खण होते, घडी न मोडलेले. बाईनं लेकीसाठी आधीच घेऊन ठेवलेले, पुढच्या खेपांसाठी. त्यातला एक त्यांनी काढला. डब्यातले तांदूळ सुपात ओतले. नारळ ठेवला. पाट मांडला आणि म्हणाले, "हेमे, बस."

"अण्णा, काय चाललंय? कोण भरणार आहे?"

"बस म्हणतोय ना."

ती बसली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "आधी हळद का आधी कुंकू?"

"आधी हळद. टाकीला बरोबर लावत होता की."

हेमानं एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं. तिच्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं असणार. बिजागरीपाशी लागलेलं कुंकू तिनंही बघितलं होतं, तांदळाचा दाणा तिच्याच तळहातावर मी ठेवला होता. अण्णांनी तिच्या कपाळाला कुंकू टेकवलं तशी ती ओठ दाबून रडायला लागली. त्यांनी ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. पुन्हा ओंजळ, पुन्हा ओंजळ.

"अण्णा, बास. सांडतंय."

"सांडू दे," ते म्हणाले. "इथं सांडलं तर काही बिघडत नाही."

मग म्हणाले, "टाकी आता टक् झाल्यावर थांबवीन. तू येत जा फक्त."

हेमा पदर दोन्ही हातांनी गच्च धरून तशीच बसली होती. लेक दारात येऊन, आईला काय झालं म्हणून बघत राहिली.

आता आपण निघावं असं मला वाटलं. मी चपला घालत होते, तेवढ्यात मागून हाक आली. "बाई, तुम्ही कुठं निघालात अशा?"

अण्णा सूप घेऊन उभे होते.

"नको अण्णा. मला चालत नाही."

"मला तरी कुठं चालतंय?" ते म्हणाले.

मला पदर नव्हता. मी दिनकरच्या शर्टाचं टोक दोन्ही हातांनी पुढं धरलं. म्हाताऱ्यानं त्यात ओंजळ रिकामी केली. हेमा उठली आणि तिनं माझ्या कपाळाला बोट टेकवलं. मी रडले का, तर रडले. गॅरेज चालवणारी बाई रडत नाही असं कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही.

तांदूळ रुमालात बांधून डिकीत ठेवले आणि निघाले. फलटणला येऊन आमच्या रस्त्याला वळायच्या ऐवजी मी उभी राहिले. टाकी भरलेली होती. मी स्कूटर नातेपुत्याच्या रस्त्याला लावली.

आईनं दार उघडलं आणि आधी विचारलं ते, "एवढ्या लांब स्कूटरवर? पेट्रोल पुरलं का गं?"

"पुरलं. कुणीतरी भरून दिलं होतं."

तिच्या हातची भाकरी खाल्ली. किती दिवसांनी खात होते, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दुपारी हेमाचा फोन आला. दिवे घाट उतरले, म्हणाली. दिवा नाही, वास नाही, लेक मागं झोपलीय. उद्या येणाऱ्या माणसाला नको म्हणून कळवलंय. मी फक्त बरं म्हटलं, कारण आई शेजारी बसून माझ्या शर्टाच्या बाहीचं तेल बघत होती.

उन्हं उतरली तशी मी निघाले. आई नेहमीसारखी उंबऱ्यात येऊन उभी राहिली, हात रिकामे, कुठं ठेवायचे ते न कळून एकमेकांत गुंतवलेले. मी पायरीवरून परत वर गेले, डिकीतून आणलेला रुमाल तिच्या हातात दिला आणि शर्टाचं टोक पुढं धरलं.

"आई," मी म्हटलं, "सूप आण."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली आणि सूप घेऊन आली.